युकुलेलेवर सी मेजर धरते, पण सा-ग-प काही ऐकू येत नाही

पेटीवाली_सक्करदरा
नमस्कार मंडळी. वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते, तारेच्या वाद्याला कधी हात लावला नव्हता. पोरगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचं युकुलेले, म्हणजे ते चार तारांचं गिटारीसारखं छोटं वाद्य, कपाटावर पडून होतं. परवा काढलं, पुसलं, आणि फोनवर बघून सी मेजर कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) धरला. सगळ्यात खालच्या ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरची आडवी पट्टी) अनामिका, बाकी जी, सी, ई मोकळ्या. एकच बोट! पांढरी एकला सा धरला की सी-ई-जी म्हणजे सा-ग-प, एवढं मला कळतं.

पण छेडलं की वरची तार फडफडते आणि खालची ठक्क करून मरते. बाप्पा, असा आवाज तर आमच्या जुन्या कूलरचाही नाही.

एक कबूल करते. वरची जी तार मला चुकीची लागलेली वाटली. तंबोऱ्यात पहिली तार मंद्र पंचम असते, आणि ही वर चढून बसलेली. म्हणून खुंटी फिरवून एक सप्तक खाली आणली. बिघडवलं का मी?

धंतोली_सहा_तारा
काकू, माफ करा, पण हसू आलं. ती तार बरोबरच होती. नेहमीच्या युकुलेलेत जी मुद्दाम वरच्या सुराची असते, सगळ्यात खालचा सूर दुसऱ्या तारेचा, म्हणजे सीचा. तुमच्या भाषेत सी मेजर वरून खाली छेडला की प-सा-ग-सां येतं, आणि तो प गच्याही वरचा. त्या वाद्याची खुमारी त्यातच आहे. एक सप्तक खालचा जी लावणारेही आहेत, पण त्याला जाड तार लागते. बारीक तार तेवढी सैल केली की फडफडणारच.

परत लावताना ॲप नको. ई तार तिसऱ्या फ्रेटला दाबा, तो जी. मोकळी जी तार हळूहळू चढवत त्याला मिळवा. पेटीवर हवं तर सीच्याच सप्तकातली पांढरी पाच.

आता खालची तार. बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवताय बहुतेक. तिसऱ्या पट्टीला अगदी चिकटून ठेवा, पण पट्टीवर चढवू नका. नख कापा, टोकानं दाबा. मग चारही तारा एकेक वाजवून बघा. ई दबल्यासारखी वाटली तर बोट तिच्यावर कललंय.

महालातला_मी
पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भात्यावर, त्या बोटांना स्वर धरायची सवय येणार कुठून! रोज दहा मिनिटं पुरे, बोट दुखलं की थांबा. आणि वाद्य कूलरच्या झोतात ठेवू नका, मेच्या उन्हात गाडीत तर अजिबातच नाही. आमच्या भाच्याच्या युकुलेलेचा ब्रिज (खाली तारा अडकवलेल्या असतात तो) गाडीतच उखडला. उन्हानं डिंक सुटला.

पेटीवाली_सक्करदरा
धंतोलीवाले भाऊ, जी चढवली. नायलॉनची तार आहे म्हणून की काय, सकाळी लावली आणि दुपारच्या चहापर्यंत उतरली. तीनदा लावली तेव्हा कुठे टिकली. बोट पट्टीजवळ सरकवल्यावर ठक्क गेलं! अनामिकेच्या टोकाला तारेचा वळ उमटलाय, त्याच बोटानं कणीक मळताना झोंबत होतं.

वरचा प अजून कानाला खटकतो, मंडळात लहान पोर मोठ्यांच्या मध्ये ओरडावं तसा. पण चारी तारा एकदम वाजल्या ना, तेव्हा दार लावून घेतलं आणि अर्धा तास तेवढाच कॉर्ड वाजवत बसले.

एफ कॉर्डही बघितला. जीवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट, ईवर पहिल्याला तर्जनी. ध-सा-म-ध. दोन्ही बोटं बसतात, पण सीवरून तिकडे जाईपर्यंत भजनाचं एक कडवं संपेल. अनामिका आधी उचलायची की तर्जनी आधी टेकवायची?

रात्री पोरीला व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. तर म्हणते, "आई, माझं युकुलेले कोणी काढलं?"

धंतोली_सहा_तारा
तिन्ही बोटं एकाच वेळी, काकू. आधी न छेडता, नुसतीच उचल-ठेव पन्नासदा करा.