लाडकी बहीण आल्यापासून बायांचं काम घटलं का, हे मोजायचं कसं?

अमळनेरकर_एमए
नमस्कार मंडळी, एमए अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टला लाडकी बहीण घेतलीय. पारावर ज्याला विचारावं तो म्हणतो महिन्याचे १५०० यायला लागले तसं कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. मला बायांनाच विचारायचंय, काम कमी झालं का आणि जीवाला बरं वाटतं का. पण पैसे जवळपास घरोघरी येतात, मग तुलना कोणाशी करू?

धरणगावचा_कापूसवाला
भो, मजूर मिळत नाही हे खरंय, पण ही ओरड योजना सुरू झाली त्या जुलै २०२४ च्या आधीपासूनची आहे. आणि जूनमध्ये एकदा नि नोव्हेंबरात एकदा विचारशील तर काम वाढलेलंच दिसेल, तेव्हा वेचणी असते ना, म्हणून नोव्हेंबर नोव्हेंबरशीच लाव. "कामाला जाता का" असं तर विचारूच नको, बाई म्हणते घरीच असते आणि सकाळी बकऱ्या, दुपारी स्वतःच्या वावरात निंदणी चालूच असते. मागचे सात दिवस एकेक करून विचार, सरकारी श्रमबल सर्वेक्षणातही सात दिवसांचंच विचारतात. वेचणी किलोवर, निंदणी रोजाने, उक्तं घेतलं तर टोळीत वाटणी, त्यामुळे हातात पडलेले पैसेही लिही. आमच्याकडे दोघी-तिघींनी दुसऱ्याच्या वावरात जाणं सोडून घरी शिलाई सुरू केली, त्यांना "काम सोडलं" म्हणणं चूक होईल.

आकडेवाला
योजनेला वय २१ ते ६५, म्हणून ६४ आणि ६६ च्या बायांची तुलना करावीशी वाटेल. पण ६५ नंतर गरीब घरात श्रावणबाळ पेन्शन लागते, तिथेही १५०० च, तुलना गेली. २१ च्या बाजूला लग्न आड येतं. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २००० बेरोजगार लॉटरीने निवडून महिन्याला विनाअट ५६० युरो दिले, रोजगारात फरक थोडाच, मनाचा ताण मात्र कमी. लॉटरी असली की निवडलेल्या आणि न निवडलेल्यांची सरळ तुलना करता येते; तुझ्याकडे ती नाही, त्यामुळे "योजनेमुळे" असं लिहू नकोस, योजना आल्यावर कोणतं काम सुटलं नि कोणतं धरलं तेवढं लिही.

धडगावची
आमच्या सातपुड्यातून दिवाळीनंतर अख्खी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. इथे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, विचारा, यंदा किती घेतली आणि कशासाठी. बरं वाटण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न आहेत, मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का वगैरे, पण पावरी बोलणाऱ्या बाईला छापील मराठीत विचाराल तर ती नुसती मान हलवेल, तिची बोली येणारी मुलगी सोबत न्या. किराण्याची उधारी, औषध मधेच सोडलं का, पैसे कोणाच्या हाती राहतात हेही विचारा आणि नवरा-सासू समोर असताना अजिबात नको. १५०० आहेत म्हणून एखादी तापात वावरात गेली नाही तर ती रोजगारातली घट धरू नका, कळकळीने सांगते.

अमळनेरकर_एमए
ताई, दादा, खूप आभार. पण मागच्या नोव्हेंबरचं बायांना आठवेल का?

धरणगावचा_कापूसवाला
दिवस नाही आठवणार. पण वेचणीचे किलो मालकाच्या वहीत नावासकट असतात. बायांना विचारून माझी वही बघायला ये.