आपण कशाला मध्ये पडायचं? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

ए-३०२ वहिनी: एक विचारू? आमचे चिरंजीव रात्री दीडपर्यंत मोबाइलवर. कुठल्याशा क्रिकेटपटूच्या फोटोखाली लोक धर्मावरून घाण लिहीत होते, हा प्रत्येकाला उत्तर देत बसला. ना ओळख ना देख. काय मिळतं मुलांना?

सी-१०१ काका: रिकामा वेळ, दुसरं काय 😀 असल्यांना उत्तर दिलं की ते आणखी चेकाळतात.

बी-४०४: काका, २०२१चा वर्ल्ड कप आठवा. दुबईत पाकिस्तानने १० विकेटनी हरवलं. हरली अख्खी टीम, शिव्या शमीला. का, ते सांगायला नको. सचिन, सेहवाग बोलले. कोहली तर भर पत्रकार परिषदेत बोलला.

सी-१०१ काका: आणि मिळालं काय? कोहलीच्या वर्षाच्याही न झालेल्या लेकीला धमक्या! मुंबई पोलिसांनी हैदराबादेतून एकाला उचललं.

बी-४०४: हो ना. पण पुढच्याच वर्षी आशिया कपात अर्शदीपचा कॅच सुटला, लोक त्याला खलिस्तानी म्हणायला लागले, तेव्हा त्याची बाजू घेणाऱ्यांत शमी होता. म्हणाला, हिंमत असेल तर खऱ्या अकाउंटवरून या. ज्याने सोसलंय तो लगेच उठतो.

ए-२०६ ताई: सगळेच सोसलेले नसतात हो. आणि उत्तर कसं देतो यावरही आहे. झुरिकच्या संशोधकांनी ट्विटरवर १,३५० द्वेष लिहिणाऱ्यांवर प्रयोग केला होता, २०२१ साली छापून आला. टिंगल आणि इशारे फारसे चालले नाहीत. ‘हे वाचून त्या माणसाला काय वाटेल’ अशा उत्तराचा थोडा का होईना उपयोग झाला. थोडाच हं, चमत्कार नाही.

ए-३०२ वहिनी: आईच्या फोनवरून मीच लिहितोय. काका, त्या ट्रोलला सुधारायला मी बसलो नव्हतो. माझा हॉस्टेलचा रूममेट त्याच धर्माचा आहे. तो कमेंट टाकत नाही, फक्त वाचतो. खाली सगळे गप्प दिसले तर त्याला वाटणार, सगळ्यांना हेच पटतंय. मलाही.

बी-४०४: 👏

सी-१०१ काका: बाळा, भावना पोचली. पण झोपत जा वेळेवर.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे म्हणून. मागच्या आठवड्यात डी विंगच्या नव्या भाडेकरूंवरून इथे जो मेसेज पडला, तो मी डिलीट केला. तोवर पूर्ण दिवस गेला होता. बहुतेकांनी वाचला होता, बोललं कोणी नाही.

सी-१०१ काका: तो फॉरवर्ड होता. मी लिहिलेला नाही.