अर्थमंत्री मनमोहन सिंग : खतांच्या दरांचा मुद्दा

‘मनमोहन सिंगांना राजकारण करावंच लागलं नाही, पंतप्रधान नरसिंह राव सांभाळून घेत होते’ असं म्हटलं जातं, ते मत अर्धंच पटतं. २१ जून १९९१ला शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. राज्यघटनेच्या कलम ७५(५)नुसार मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून येणं भाग होतं, म्हणून ऑक्टोबरात आसाममधून राज्यसभा. इथवर पक्षानेच सोय केली, मान्य.

पण खतांचं प्रकरण बघा. १ आणि ३ जुलैचं रुपयाचं अवमूल्यन रिझर्व्ह बँकेमार्फत झालं, त्याला संसदेची मंजुरी लागत नव्हती. २४ जुलैच्या अर्थसंकल्पातली खतांची ४० टक्के दरवाढ मात्र थेट खासदारांच्या मतदारसंघांवर येत होती, आणि सरकार अल्पमतातलं. बोंब विरोधकांपेक्षा काँग्रेसमध्येच जास्त झाली. ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणली, लहान आणि सीमांत शेतकऱ्यांना वगळलं. तिथेच दुहेरी दराची मेख : एकच पोतं दोन भावांनी विकायचं, तर लहान शेतकरी ओळखायचा कुणी? ते काम राज्यांच्या गळ्यात पडलं. अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाईट तडजोड, पण अर्थसंकल्प वाचला. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?