टी६३.० टाकला म्हणजे नोंद झाली असं नाही

सर्पदंशाला आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडची यादी) मधला टी६३.०, म्हणजे सापाच्या विषाची बाधा, आणि जोडीला एक्स२०, म्हणजे विषारी सापाशी संपर्क, टाकला की कोडिंग पूर्ण, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. विम्याच्या क्लेमपुरतं ते बरोबर आहे, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तेवढ्यावर भागत नाही. टी६३.० मध्ये नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चापडा सगळे एकाच खान्यात जातात. आपल्याकडे मिळणारी सापाची लस पहिल्या चार जातींच्या विषावर बनते. हिरवा चापडा तिच्यात नाहीच. म्हणजे लस देऊनही फरक का पडला नाही, हे नंतर कोणी तपासायला बसलं तर कोडवरून काही कळणार नाही. ते केसपेपरवरच्या दोन ओळींतूनच कळेल.

आणि नेमक्या त्याच ओळी नसतात. नुसतं 'अननोन बाइट' (काय चावलं माहीत नाही) लिहून पान उलटलेलं असतं, याचा खरंच संताप येतो. साप कोणी पाहिला नसेल, मान्य. पण कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून बघायची, एवढं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. गोठलं की नाही ते वेळेसकट लिहा. कातळावर गवत कापताना किंवा चिरे उचलताना बोटाला डसलंय आणि रक्त गोठत नाहीये, एवढं वाचलं तरी पुढच्या डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव फुरशाचं येतं.

दंशाची जागा, सूज कुठपर्यंत चढली, लसीच्या किती व्हायल (कुप्या) कधी दिल्या, हेही तिथेच हवं. रेफर करताना चिठ्ठीसोबत त्या पानाची झेरॉक्स द्या.