मदत हवी आहे : ओपन किचन आणि हॉल गरजेप्रमाणे वेगळे कसे करावेत?

नमस्कार. पुण्यातील आमच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर मिळून २२ फूट लांब आणि ११ फूट रुंद अशी एकच सलग जागा आहे. एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला बाल्कनी आणि मधोमध जेवणाचे टेबल असून त्याच टेबलावर मुलगी दहावीचा अभ्यास करते. सकाळी मिरचीची फोडणी पडली की ठसका थेट तिच्या वहीपर्यंत पोहोचतो आणि मिक्सर सुरू झाला की तिला पुस्तक उचलून आत जावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

पक्की भिंत नको आहे, कारण ओट्यापाशी येणारा उजेड आणि वारा बाल्कनीतूनच येतो. सरकती काच बसवावी असा विचार आहे. परंतु १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरते, त्यामुळे रूळ जिप्समच्या फॉल्स सीलिंगला न लावता वरच्या स्लॅबलाच घट्ट बसवावा लागेल. सासूबाई वॉकर घेऊन चालतात, म्हणून जमिनीवर उंच पट्टी अजिबात चालणार नाही.

अशी वरून टांगलेली काच कोणी वापरत असल्यास, खालच्या फटीतून वास आणि आवाज कितपत येतो, हे कृपया सांगावे. घडीचे लाकडी पार्टिशन अधिक सोयीचे ठरेल का? अभ्यासाचे टेबल चाकांचे करून बाल्कनीकडे सरकवण्याचा कोणाला अनुभव असल्यास तोही अवश्य कळवावा.