बीकेसीचा (मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल) सायकल ट्रॅक उखडला की म्हणे धूर कमी होणार!

हँडलबार: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सायकल ट्रॅकने लेन खाल्ली, गाड्या तुंबल्या, धूर वाढला. एमएमआरडीए (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण) ट्रॅक काढून लेन वाढवतेय ते बेस्ट." राहवलं नाही म्हणून लिहितोय. ट्रॅक 2011 चा. तेव्हापासून त्यावर सायकली कमी आणि एसी चालू ठेवून झोपलेले ड्रायव्हर जास्त. सायकलला जो कधी मिळालाच नाही, त्या ट्रॅकने धूर कसा केला? लेन वाढवा, थोडे दिवस मोकळं वाटेल, मग आज लोकलने येणारेही गाडी काढतील. वेस्टर्न एक्सप्रेसवर एवढे उड्डाणपूल झाले, धूर गेला?

लेनसम्राट: 'कुणीतरी' म्हणजे मीच. संध्याकाळी साडेसहाला कलानगरकडे निघून दाखवा, मग बोला. फर्स्ट गिअरमध्ये रांगणारी गाडी जास्त धूर सोडते, शाळेतल्या पोरालाही कळतं. सायकलवाले मोजलेत मी. दोन. तेही रविवारी.

कुर्लेकर: तिसरा मी, रोजचा. कुर्ला स्टेशनला शेअर रिक्षाच्या रांगेला कंटाळून सायकल घेतली. ट्रॅकवरच उभ्या पांढऱ्या गाडीचं दार धाडकन उघडलं, मनगट मोडलं. वर मलाच प्रश्न, "हेल्मेट होतं का?" मनगटाला?

सदाशिवकर: मुंबईकरांनी रडू नये. आमच्याकडे पुण्यात 2006 ला बीआरटीसोबत (बसच्या वेगळ्या लेन) ट्रॅक आले, 2017 ला अख्खा सायकल आराखडा मंजूर झाला. आज ट्रॅकवर भेळेची गाडी, विजेची डीपी आणि राँग साइडने येणाऱ्या अ‍ॅक्टिवा.

लेनसम्राट: आले पुणेकर. संपला विषय.

चिंचगूळ: भेळवाल्यावर का घसरता? तो चार फूट अडवतो. समोर फुकटात लावलेल्या एसयूव्ही किती अडवतात ते मोजा की.

सदाशिवकर: मोजलं. भेळ खायला थांबलेल्यांच्याच असतात त्या.

चिंचगूळ: तुम्ही पार्सल नेता वाटतं? चालत?

सदाशिवकर: वैयक्तिक होऊ नका.

हँडलबार: अहो, भेळ सोडा! बीकेसीला 2024 ला भुयारी मेट्रो आली. उतरल्यावर शेवटचा दीड-दोन किलोमीटर कसा जायचा? तिथेच ट्रॅक लागतो. आणि आत्ताच तो उखडायचा!

लेनसम्राट: बरं बाबा, मेट्रोचं मान्य. आधी ट्रॅकवर गाड्या लावणाऱ्यांना दंड करून बघा, मग ठरवू. खूश? तसा माझा ड्रायव्हरही तिथेच थांबतो, पण पाचच मिनिटं.

कुर्लेकर: गाडी पांढरी आहे का हो?