मदत हवी आहे: फ्लोरिडात होमस्कूलच्या मुलीसाठी व्हॉलीबॉल आणि क्वायर

नमस्कार मंडळी. आम्ही टॅम्पात राहतो. मुलगी १४ वर्षांची, ऑगस्टपासून नववी. शिक्षण घरीच, काउंटीकडे नोंदणी आहे, दरवर्षीचं मूल्यमापनही वेळेवर होतं. तिला व्हॉलीबॉलची टीम हवी आहे आणि चार आवाजांत गाणारं क्वायर. (घरी पेटीवर उपासनेची गीतं होतात, पण आम्ही सगळे एकाच सुरात!)

ख्रिस्ती को-ऑपमध्ये (होमस्कूलच्या पालकांनी मिळून चालवलेला गट) विचारलं. क्वायर चांगलं आहे, पण आई-वडिलांपैकी एकाने दर शुक्रवारी तिथे शिकवायची अट, आणि आम्ही दोघंही नोकरीवर. खाजगी व्हॉलीबॉल क्लबची फी ऐकूनच परत आलो.

१९९६ च्या कायद्यामुळे इथे होमस्कूलची मुलं सरकारी शाळेच्या टीममधून खेळू शकतात. अमेरिकन फुटबॉलपटू टिम टीबो असाच खेळला. आधी शाळेला तसं कळवावं लागतं, हेही माहीत आहे.

अडलंय क्वायरपाशी, कारण शाळेत क्वायर हा वेळापत्रकातलाच एक तास असतो. तुमच्यापैकी कुणी मुलांना फक्त तेवढ्या तासापुरतं पाठवलंय का, आणि त्यामुळे होमस्कूलची नोंदणी बदलावी लागली का? शिवाय व्हॉलीबॉलच्या ट्रायआउटआधी (टीमच्या निवडीआधी) शाळेत नेमकी कुठली कागदपत्रं दिलीत?